एकजिनसी म्हणून बिनकामाची? काळपुळीच्या वंशावळीविषयी एक खंडन

काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जिवाणूबद्दल एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते केवळ मत आहे, याचाच विसर पडतो. हा जिवाणू जगभर सारखाच, तेव्हा त्याचे वाण ओळखण्याचा आणि जनुके तपासण्याचा खटाटोप ही प्रयोगशाळांची हौस आहे, असे ते मत. वाशीमसारख्या जिल्ह्याला त्याचा उपयोग काय? ढोर अचानक मेले, कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेतले, निळ्या रंगात जिवाणू दिसला, आसपासच्या गुरांना लस टोचली, मेलेले खोल पुरले. विषय संपला. हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांत गावोगाव हिंडलेले, काळपुळीने तडकाफडकी मेलेली जनावरे पाहिलेले अनुभवी पशुवैद्यक आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायचे तर ते सरसकट नको, मुद्द्यागणिक हवे. आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा शास्त्रीय आहे. काळपुळीचा बॅसिलस अँथ्रासिस हा ज्ञात रोगजंतूंमधला अतिशय एकजिनसी जिवाणू. त्याच्या गुणसूत्रात सुमारे ५२ लाख अक्षरे असतात. त्याखेरीज दोन प्लाझ्मिडे असतात. पीएक्सओ१ वर विषाची जनुके असतात आणि पीएक्सओ२ वर कवचाची. दोन खंडांतले दोन वाण शेजारी ठेवले तरी एवढ्या मोठ्या पसाऱ्यात फरक निघतात ते शेकड्यांत, फार तर काही हजारांत. कारणही स्पष्ट आहे. हा जिवाणू जनावराच्या रक्तात काही दिवस वेगाने वाढतो आणि मग बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. विभाजन थांबले की उत्परिवर्तनही जवळजवळ थांबते. इतर जिवाणूंशी जनुकांची देवघेवही तो फारशी करत नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा. मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या ऑंडरस्टेपूर्ट येथे कवच गमावलेला ३४एफ२ हा वाण वेगळा काढला. जगभरातली बहुतेक पशुलस आजही त्याच्यापासूनच बनते. एकच लस सगळीकडे चालते, मग वाणाची चौकशी कशाला?

तिसरा मुद्दा भूगोलाचा. काळपुळी हा मातीचा रोग. जिथे उद्भवला तिथल्याच मातीतला. त्याचा उगम शोधणे म्हणजे पायाखालची जमीन दूर कुठे शोधणे.

चौथा मुद्दा पैशाचा. जनुकीय छाननीला चालना मिळाली ती २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून बीजाणू पाठवले गेले, २२ जण आजारी पडले आणि ५ दगावले, तेव्हा. ती श्रीमंत देशाची गुन्हे-तपासाची गरज होती. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी औषधे आणि माणसे द्या, मग जनुकांचे बोला.

चारही मुद्दे वजनदार आहेत. चारांतही अर्धसत्य आहे. आता एकेक घेऊ.

पहिल्या मुद्द्यात तथ्य खरे आहे आणि निष्कर्ष उलटा आहे. जिवाणूत फरक थोडे, म्हणून वंशावळ अस्पष्ट राहील, असे पूर्वपक्ष गृहीत धरतो. पण वंशावळ बिघडते ती फरक थोडे असल्यामुळे नाही. ती बिघडते तोच फरक दोन वेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उद्भवला तर, किंवा एका घराण्याची जनुके दुसऱ्यात शिरली तर. क्षयाच्या जिवाणूसारखे मोजके अपवाद सोडले तर बहुतेक रोगजंतूंत हा गोंधळ होतो. काळपुळीत तो जवळजवळ होत नाही. ज्या सातबाऱ्यावर फेरफार मोजके आणि प्रत्येक नोंद एकदाच झालेली, त्या जमिनीची मालकी उलगडणे सोपे की अवघड? टालिमा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संपूर्ण वाचलेल्या जनुकसंचांतून सुमारे ९९० एकाक्षरी फरक काढले आणि ते वेगवेगळ्या वाणांत तपासले. पंचवीस हजारांवर नोंदींत वंशवृक्षाशी विसंगत अशा नोंदी नगण्य निघाल्या. एवढी स्वच्छ वंशावळ जिवाणुशास्त्रात क्वचित मिळते. एकजिनसीपणा हा छाननीचा अडथळा नव्हे. तीच तिची ताकद आहे.

शिवाय जिवाणूची सगळी अक्षरे एकाच गतीने बदलत नाहीत. जनुकसंचात काही ठिकाणी एकच छोटा तुकडा ओळीने अनेकदा येतो. विभाजनाच्या वेळी या पुनरावृत्तींची संख्या चुकते आणि ती चूक एकाक्षरी बदलापेक्षा कैकपट लवकर घडते. पॉल कीम यांच्या गटाने २००० मध्ये अशा ८ जागा ४२६ नमुन्यांत मोजल्या आणि ८९ वेगळे जनुकीय प्रकार निघाले. पुढे २००७ मध्ये मॅथ्यू व्हॅन अर्ट आणि सहकाऱ्यांनी जगभरातले १,०३३ नमुने १५ जागांवर तपासले, तेव्हा २२१ प्रकार हाती आले. जिवाणू खरोखर एकाच साच्याचा असता तर २२१ हा आकडा आला कुठून? मंद बदलणारी अक्षरे मोठी घराणी दाखवतात आणि वेगाने बदलणाऱ्या पुनरावृत्ती त्या घराण्यातली चुलत-मावस नाती. दोन्ही क्रमाने वापरायचे, हा त्यांतला साधा नियम.

पण पहिल्या मुद्द्याची खरी चूक याहून खोल आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. पिअर्सन यांच्या त्याच अभ्यासाने एक धोका दाखवून दिला: शोधाचा पूर्वग्रह. समजा, दोन वाणांचे जनुकसंच पूर्ण वाचून त्यांच्यातले फरक टिपले आणि मग तेवढेच फरक उरलेल्या शंभर वाणांत तपासले. काय होईल? वंशवृक्षावर फक्त त्या दोन वाणांना जोडणारी फांदी दिसेल. उरलेल्या शंभरांच्या स्वतःच्या फांद्या गळून पडतील. ते सगळे त्या एका फांदीवरच्या मोजक्या बिंदूंत गोळा होतील आणि एकसारखे भासतील. ते एकसारखे असतात म्हणून नव्हे. त्यांच्यातला फरक कुणी शोधलाच नाही म्हणून.

हे वाशीमला आणि एकूण भारताला नेमके लागू पडते. काळपुळीच्या वंशवृक्षाच्या खुणा ठरल्या त्या प्रामुख्याने अमेरिका, युरोप आणि आफ्रिकेतल्या वाणांवरून. त्या खुणांनी भारतीय नमुना तपासला की तो एखाद्या ठरीव गटात जाऊन बसतो, बऱ्याचदा ए.बीआर.ऑस्ट९४ या गटात, आणि आपण म्हणतो, 'बघा, सारखेच!' हा पुरावा नव्हे. ही आपण न केलेल्या कामाची पावती आहे. विविधता नाही म्हणून तपासायचे नाही आणि तपासत नाही म्हणून विविधता दिसत नाही. असे वर्तुळ पुरावा म्हणून चालेल काय? आपल्या मातीतले वाण पूर्ण वाचल्याशिवाय ते एकजिनसी आहेत असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझ्यासारख्या विरोधकालाही नाही आणि पूर्वपक्षालाही नाही.

दुसरा मुद्दा लशीचा. इथे पूर्वपक्षाचे अर्धे म्हणणे मी बिनतक्रार मान्य करतो. स्टर्नची लस वेगवेगळ्या वाणांविरुद्ध चालते आणि वाण वेगळा निघाला म्हणून वाशीमच्या शेतकऱ्याने लसीकरण थांबवू नये. पण लस आणि छाननी यांची कामेच वेगळी. लस गुरांचा बचाव करते. रोग कुठून आला, हे ती सांगत नाही. शिवाय लसही कधीकधी प्रश्न उभा करते. शेळ्यांना ही लस काही वेळा बाधते, हे पशुवैद्यकांना ठाऊक आहे. लसीकरणानंतर चार दिवसांत शेळी मेली तर ती लशीने मेली की मातीतल्या जिवाणूने? कवचाचे पीएक्सओ२ प्लाझ्मिड लशीच्या वाणात नसते, रोग घडवणाऱ्या रानटी वाणात असते. एका जनुकीय चाचणीने उत्तर मिळते. ते न मिळाल्यास गावाचा लशीवरचा विश्वास उडतो आणि पुढच्या वर्षी कुणी जनावर पुढे आणत नाही.

याच तत्त्वाने एक मोठे कोडेही सुटले. जपानमधल्या ओम शिनरिक्यो या पंथाने १९९३ मध्ये तोक्योच्या कामेइदो भागात एका इमारतीवरून काळपुळीचे द्रव फवारले. कुणीही आजारी पडले नाही. का? जतन केलेल्या नमुन्याची छाननी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की तो कवचहीन ३४एफ२ म्हणजे पशुलशीचाच वाण होता. 'सगळे वाण सारखे' या मताकडे या घटनेचे स्पष्टीकरण कोणते?

काचपट्टीवर किंवा विषाच्या जनुकाच्या एका चाचणीवर विसंबणेही पुरेसे नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये एका रुग्णातून बॅसिलस सेरियस हा जवळचा नातलग जिवाणू मिळाला आणि पुढे त्याच्यात काळपुळीच्या विष-प्लाझ्मिडासारखे प्लाझ्मिड आढळले. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात २००१ आणि २००२ मध्ये चिंपांझी मेले. त्यांच्यातला जिवाणू दोन्ही प्लाझ्मिडे बाळगणारा, पण गुणसूत्राने सेरियसकडे झुकणारा निघाला. गुणसूत्र न पाहता केवळ विषाचे जनुक पाहून निदान केले तर अशा वेळी आपण नाव चुकवू.

तिसरा मुद्दा मातीचा. वाशीमबाबतचा खरा वाद इथेच आहे. जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली, भारी, चुन्याचे प्रमाण बरेच असलेली आणि बहुतांशी अल्कधर्मी. कॅल्शियमयुक्त अल्कधर्मी मातीत काळपुळीचे बीजाणू अधिक तग धरतात, हे अनेक ठिकाणच्या निरीक्षणांतून दिसले आहे. बीजाणूंची चिकाटी किती, याचे उदाहरण स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटाने दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, तिथे काळपुळीच्या जैवशस्त्राच्या चाचण्या झाल्या. बेट फॉर्मल्डिहाइडने धुऊन सुरक्षित घोषित करायला १९९० उजाडले. तेव्हा मातीची भूमिका कोण नाकारतो? पण 'मातीचा रोग' म्हटल्याने छाननीची गरज संपते, की वाढते?

दक्षिण आफ्रिकेचे क्रुगर राष्ट्रीय उद्यान पाहा. तिथल्या ९८ नमुन्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच उद्यानात ए आणि बी अशी दोन वेगळी घराणी सापडली. बी घराण्याचे वाण जास्त कॅल्शियम आणि जास्त अल्कधर्मी असलेल्या मातीच्या जागी आढळले. म्हणजे माती महत्त्वाची आहेच, पण ती सर्व वाणांना सारखीच मानवते असे नाही. वाशीमच्या काळ्या जमिनीत कोणते घराणे टिकते, हा प्रश्न मातीच्या युक्तिवादातूनच जन्मतो. तो विचारायचाच नाही, हा कुठला न्याय?

जिल्ह्याचा भूगोलही एकसंध नाही. काटेपूर्णा इथून उत्तरेला निघते आणि पूर्णेमार्गे तापीला मिळते. पैनगंगा दक्षिणेच्या सीमेवरून वर्धेकडे आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्याकडे जाते. दोन्ही खोऱ्यांत पुराचे पाणी माती वाहून नेते. त्यात गुरांची ये-जा धरा. अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगोली आणि बुलडाणा या शेजारी जिल्ह्यांतल्या आठवडी बाजारांत बैल विकत घेतले जातात, विकले जातात. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी ज्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, त्याच समाजाचे लमाण तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खन पालथे घालत होते. अशा प्रदेशात रिसोडला एक जनावर दगावले आणि महिन्याने मानोऱ्यात दुसरे दगावले, तर ती एकच साथ आहे की दोन वेगळ्या मातींतून उठलेल्या दोन साथी? पहिल्या शक्यतेत जनावरांचे स्थलांतर रोखायचे. दुसरीत दोन्ही ठिकाणच्या चराऊ जागा बंद करायच्या. काचपट्टीवरचा निळा दांडा या दोन शक्यतांत भेद करू शकतो का? नाही.

काळपुळी मातीतून येते, तशी ती चालतही येते. स्कॉटलंडमध्ये २००९ च्या डिसेंबरपासून हेरॉइन टोचणाऱ्या लोकांत काळपुळीची साथ पसरली आणि शंभरावर रुग्ण नोंदले गेले. स्कॉटलंडच्या मातीचा तिच्याशी संबंध नव्हता. छाननीत वाण युरोप-आशियाभर पसरलेल्या घराण्याचा आणि तुर्कस्तानातल्या वाणांच्या जवळचा निघाला. म्हणजे हेरॉइन वाटेत कुठेतरी दूषित झाले होते. ऑस्ट्रेलियात काळपुळीची पहिली नोंद १८४७ मध्ये सिडनीजवळ झाली आणि ती भारतातून आयात झालेल्या हाडांच्या खतामुळे आली, असे तिथल्या पशुवैद्यकीय इतिहासात मानले जाते. ए.बीआर.ऑस्ट९४ हा गट ऑस्ट्रेलियात आणि भारतात आढळतो, हे त्या इतिहासाशी जुळते. तो गट इतर देशांतही आहे, तेव्हा हा निर्णायक पुरावा नव्हे, पण दिशा मिळते. आपल्या देशातून निघालेला जिवाणू समुद्र ओलांडून घराणे स्थापतो आणि त्या घराण्याची नोंद परदेशी प्रयोगशाळा ठेवतात. मूळ घरी मात्र आपण म्हणतो, 'कशाला?'

चौथा मुद्दा खर्चाचा. व्हॅन अर्ट यांच्या पद्धतीत मोठ्या घराण्यांची ओळख १३ निवडक जागांवरच्या एकाक्षरी फरकांवरून होते. त्यांतून १२ गट पडतात. प्रत्येक नमुन्याचा संपूर्ण जनुकसंच वाचायचा नाही, १३ प्रश्न विचारायचे. त्यासाठी लागणारी पीसीआर यंत्रे कोविडच्या काळात विदर्भातही आली. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्या काळात हजारो नमुने तपासले. जिवंत जिवाणू वाढवणे धोक्याचे आहे आणि ते कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे, हे मान्य. पण छाननीला जिवंत जिवाणू लागतोच असे नाही. सोव्हिएत संघातल्या स्वर्दलोव्स्क येथे १९७९ मध्ये लष्करी प्रयोगशाळेतून बीजाणू बाहेर पडले आणि किमान ६६ माणसे दगावली. त्या मृतांच्या फॉर्मलिनमध्ये जपलेल्या ऊतींतून कित्येक वर्षांनी डीएनए वाचता आला. सरकारने तेव्हा दूषित मांसाचे कारण सांगितले होते. काचेच्या बाटलीतल्या ऊतीच्या तुकड्याने उशिरा का होईना, साक्ष दिली. मग आपल्याकडची निष्क्रिय केलेली काचपट्टी साक्ष देण्याआधीच टाकून का द्यायची?

गुन्ह्यांचा तपास ही श्रीमंतांची गरज, असे म्हणताना पूर्वपक्ष आपलाच इतिहास विसरतो. प्राण्यांच्या रोगांवर संशोधन करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. या प्रदेशाने पशुरोगांचा शास्त्रीय शोध १३० हून अधिक वर्षांपूर्वी परवडतो असे मानले होते. आता बंगळुरूची राष्ट्रीय पशुरोग संस्था, निवेदी, जिल्हानिहाय रोगांचे अंदाज देते आणि त्यांत काळपुळीही असते. अंदाज नोंदींवर उभे असतात. नोंद 'काळपुळी, एक जनावर' एवढीच असली तर अंदाजही तेवढाच ढोबळ राहणार. २००९ च्या केंद्रीय कायद्याने काळपुळी अधिसूचित रोग ठरवली आहे, म्हणजे कळवणे बंधनकारक. कळवलेल्या माहितीचा कस वाढवणे हा चैनीचा नव्हे, कर्तव्याचा भाग आहे.

आता विरुद्ध टोकाच्या लोकांनाही दोन शब्द. जनुके सगळे सांगतात असे मानणाऱ्या उत्साही मंडळींचे समर्थन मी करत नाही. २००१ च्या पत्रांतला वाण एम्स नावाचा होता. हे नाव आयोवातल्या एम्स शहराचे, पण जिवाणू १९८१ मध्ये टेक्सासमधल्या गायीतून आलेला. खोक्यावरच्या पत्त्यामुळे नाव चुकले आणि ते तसेच राहिले. छाननीने तो वाण ओळखला, तपास एका विशिष्ट फ्लास्कपर्यंत नेला. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने २०११ मध्ये म्हटले की केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून पत्रांतल्या बीजाणूंच्या उगमाबद्दल निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही. जनुक नाते सांगते. गुन्हेगाराचे नाव सांगत नाही.

काळाचेही तसेच. उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख घराण्याबद्दल २००९ मध्ये एका गटाने मांडले की ते बेरिंगच्या भूसेतूवरून प्राचीन माणसांबरोबर आले. २०१६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्याच वंशवृक्षाच्या आधारे ते कोलंबसानंतरचे ठरवले. दोघेही नात्याबद्दल जवळपास सहमत, तारखेबद्दल हजारो वर्षांनी वेगळे. कारण तेच: बीजाणू किती वर्षे झोपला, हे जनुके सांगत नाहीत. म्हणून वाशीमच्या एखाद्या नमुन्यावरून 'हा जिवाणू बंजाऱ्यांबरोबर आला' असे कुणी उद्या जाहीर केले तर त्याचा पहिला विरोधक मीच असेन. छाननीला अतिरेकी मित्रांचा उपद्रव तिच्या विरोधकांइतकाच आहे.

मग मागणी काय? मोठी नाही. संशयित जनावर उघडायचे नाही, कातडे सोलायचे नाही, मांस कुणाच्या ताटात जाऊ द्यायचे नाही. हे नियम आहेत, ते पाळायचेच. त्यांत तीन गोष्टींची भर घालायची. काचपट्टी टाकून न देता निष्क्रिय करून जपायची. तिच्याबरोबर गाव, तारीख, माती, जनावर बाजारातून केव्हा आले आणि लस केव्हा टोचली, एवढे लिहायचे. आणि विदर्भातल्या निवडक नमुन्यांचे जनुकसंच एकदा तरी पूर्ण वाचून प्रसिद्ध करायचे, म्हणजे जागतिक वंशवृक्षावर आपली फांदी दिसेल.

पूर्वपक्षाचा दावा होता की काळपुळीचे वाण सारखेच आहेत, म्हणून ओळखायची गरज नाही. वरचे पुरावे सांगतात की ते पुरते सारखे नाहीत. जेवढे सारखे आहेत तेवढ्यामुळेच त्यांचे नाते अचूक कळते. आणि आपले वाण अधिक सारखे दिसतात ते आपण त्यांना पाहिलेच नाही म्हणून. यातला एकही मुद्दा पूर्वपक्षाने पुराव्यानिशी खोडला तर मी माघार घेईन. पण पुरावा म्हणून 'आजवर गरज पडली नाही' असे सांगितले, तर वाचकांनी तो ग्राह्य धरू नये. गरज पडली की नाही, हे कळण्यासाठी आधी पाहावे लागते.